मेविस स्टेपल्स : पुन्हा उभा राहिलेला आवाज

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



 

समितीने आम्हाला विचारलं, यंदा कशावर बोलणार? आम्ही म्हटलं, एका बाईच्या गाण्यावर. कोण बाई? तर मेविस स्टेपल्स. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. दरसाली आम्ही घटनेवर, शिक्षणावर, व्यसनमुक्तीवर बोलतो, आणि यंदा हे काय काढलं म्हातारपणी? पण आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. मग ठरवा.

मेविस स्टेपल्स ही अमेरिकेतल्या शिकागो शहरातली काळ्या समाजातली गायिका. जन्म १० जुलै १९३९ चा. आमच्या घरच्या पोराने मोबाईलवर तिचं गाणं लावून दिलं. आमचं इंग्रजी कोश उघडून शिकलेलं, एका ऐकण्यात गाणं कळत नाही. एकेक ओळ तीन-तीनदा ऐकली, शब्द कागदावर काढले, कोशात पाहिले. जसजसं कळत गेलं तसतसं आम्हाला वाटायला लागलं की हे सगळं आपल्या वस्तीत सांगितलं पाहिजे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी आपलं नातं आजचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलं होतं, त्याची प्रत बाबासाहेबांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी त्या पत्राला आदराने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावसुद्धा तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा मेविसबाई आपल्याला परकी नाही. लांबच्या गावी दिलेल्या बहिणीसारखी समजा.

आता तिच्या बापापासून सुरुवात करू.

बापाचं नाव रोबक स्टेपल्स. सगळे त्याला पॉप्स म्हणत. १९१४ साली मिसिसिपी राज्यात विनोना गावी जन्म. डॉकरी नावाच्या मोठ्या मळ्यावर हे कुटुंब कापूस वेचायचं. जमीन मालकाची, घाम यांचा, आणि हिशोबाची वही मालकाच्या हातात. आपल्यापैकी ज्यांच्या आज्याने सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला असेल त्यांना यापुढचं सांगायला नको.

आम्ही गिरणीतली माणसं. कापूस म्हटला की आम्हाला लगेच सूत दिसतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, ज्यातून तिकडची गुलामगिरी मोडली. त्या चार वर्षांत तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद पडला, आणि इकडे मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला. शेठ लोक मालामाल झाले. पण तिकडे कापूस वेचणारा काळाच राहिला, आणि इकडे गिरणीत आलेला आपला माणूस अस्पृश्यच राहिला. विणाई खात्यात पगार जास्त, तिथे आपल्याला मज्जाव. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याला विटाळ. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न सगळ्यांच्या पुढे ठेवला. म्हणून सांगतो, पॉप्सच्या हाताला लागलेला कापूस आम्हाला ओळखीचा वाटतो.

१९३० नंतरच्या दशकात पॉप्स बायकोपोरांसह शिकागोला आला. कत्तलखान्यात काम केलं, पडेल ती मजुरी केली. गाण्याचं वेड होतं. एका भजनी संचात गायचा, पण बाकीचे गडी तालमीला वेळेवर येईनात. (हसू नका, आपल्याकडेही तेच चालतं.) वैतागून तो घरी आला, गहाणवटीच्या दुकानातून घेतलेली गिटार काढली, पोरांना जमिनीवर गोल करून बसवलं आणि प्रत्येकाला एकेक सूर वाटून दिला. १९४८ साली हे कुटुंब चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं. लोकांनी पुन्हा गा म्हटलं. यांना तेवढं एकच गाणं नीट येत होतं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. ‘स्टेपल सिंगर्स’ हा घरचा संच असा सुरू झाला. त्यात सगळ्यात धाकट्यांपैकी मेविस, आणि सगळ्यात भारदस्त आवाज तिचाच. १९५६ साली त्यांची तबकडी गाजली तेव्हा ती १७ वर्षांची होती. रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटायचं, कोणी थोराड बाई नाहीतर पुरुषच गातोय.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब दौऱ्यावर असताना मॉण्टगोमेरी शहरात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकायला गेलं. हे तेच किंग, ज्यांनी १९६५ सालच्या एका प्रवचनात सांगितलं होतं की भारताच्या भेटीत एका शाळेत आपली ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली गेली. आधी राग आला, मग विचार केल्यावर पटलं की होय, आपण अस्पृश्यच आहोत. तर त्या दिवशी प्रवचन ऐकून पॉप्स मुक्कामाच्या जागी आला, पोरांना खोलीत बोलावलं आणि म्हणाला, हा माणूस जे बोलून सांगतो ते आपण गाऊन सांगू शकतो. तेव्हापासून या घराचं गाणं चळवळीचं झालं.

१९५७ साली लिटल रॉक गावात नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली. राज्याच्या गव्हर्नरने हत्यारी शिपाई उभे करून त्यांना अडवलं, शेवटी राष्ट्राध्यक्षाला फौज पाठवावी लागली. त्या मुलांवरून पॉप्सने गाणं रचलं, आम्हाला एवढं वाईट का वागवता असा सवाल करणारं. किंग यांचं ते आवडतं गाणं. सभेआधी ते पॉप्सला सांगत, माझं गाणं होऊ द्या. १९६५ साली सेल्मा ते मॉण्टगोमेरी असा मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला, त्यावरही या कुटुंबाने गाणं केलं. बाबासाहेब म्हणाल्याचं आपल्याकडे सांगतात की जलशातलं एक गाणं माझ्या दहा भाषणांच्या बरोबरीचं आहे. तिकडेही तोच अनुभव.

गाणाऱ्यांनी नुसतं गायलं असंही नाही. १९६४ साली रात्री गाडीने परतताना मेम्फिसच्या एका पेट्रोल पंपावर मेविसने पैशाची पावती मागितली. तिथला गोरा नोकर शिवी हासडून बोलला. बाप मध्ये पडला, हातघाई झाली. नोकराने खोटी तक्रार केली. पुढे पोलिसांनी गाडी अडवून, बंदुका रोखून, बापलेकांना बेड्या घालून चौकीत नेलं. बापाची तबकडी देशभर वाजत होती तरी त्या रात्री तो फक्त एक काळा माणूस होता. आपल्यातला कोणी साहेब झाला तरी गावच्या वेशीवर त्याचं काय होतं, हे आपण जाणतो.

एप्रिल १९६८ मध्ये किंग यांना गोळी घालून मारलं. त्यानंतर या कुटुंबाने स्वाभिमानाची, आपली आपण इज्जत राखायची गाणी गायली. १९७२ साली त्यांचं एक गाणं साऱ्या अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. पण दिवस सारखे राहत नाहीत. त्यांची तबकड्यांची कंपनी १९७५ साली बुडाली. पुढे गाण्याची चाल बदलली, नाचाचं संगीत आलं, यंत्राचा ठेका आला. मेविसने एकटीने गाऊन पाहिलं. १९८९ आणि १९९३ साली प्रिन्स या त्या काळच्या बड्या गायकाच्या कंपनीने तिचे दोन अल्बम काढले, ते चालले नाहीत. डिसेंबर २००० मध्ये पॉप्स गेला. संच मोडला.

आणि बाई गप्प झाली.

नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या गिटारीवर सूर धरत आली होती. कुठल्या पट्टीत गायचं हे तिला कधी ठरवावं लागलं नव्हतं, बापाने तार छेडली की हिचा आवाज आपोआप लागायचा. बाप गेला आणि सूर कुठून धरायचा तेच कळेना. वय साठीच्या पुढे. ती घरी बसून राहिली.

इथे आम्हाला किसा गोतमीची आठवण झाली. मेलेलं लेकरू उराशी धरून ती दारोदार औषध मागत फिरत होती. भगवंतांनी तिला जादू दाखवली नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मोहरीचे दाणे आण, एवढं सांगितलं. फिरता फिरता तिचं तिला उमगलं. मेविसबाईला जागं केलं ते तिच्या बहिणीने, इव्होनने. तिने बजावलं की बाप तुला असं बसलेलं बघून खूश झाला नसता, ऊठ आणि गा. शेजारपाजारी, नात्यात अशी एक बहीण असावी लागते. नुसतं सांत्वन करायला शंभर माणसं येतात, उठवायला एखादीच येते.

मेविसबाई उठली. पण उठल्यावर पुढे लाल गालिचा नव्हता. तिने शिकागोतल्याच एका संगीतकाराबरोबर स्वतःच्या खिशातले पैसे घालून गाणी मुद्रित केली आणि ती घेऊन कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. ज्या बाईची गाणी एकेकाळी पहिल्या नंबरला होती, तिला नकार मिळत गेले. शेवटी शिकागोच्याच एका लहानशा कंपनीने तो अल्बम २००४ साली काढला. त्यात एक गाणं बापाच्या शिकवणीवर आहे. आणि बापाने जमिनीवर गोल बसवून जे पहिलं गाणं शिकवलं, तेही त्यात आहे. घर जिथे सुरू झालं तिथूनच तिने पुन्हा सुरुवात केली.

मग आला २००७ सालचा अल्बम. आम्हाला बोलायचंय ते मुख्य याच्यावर. नाव ‘वुई विल नेव्हर टर्न बॅक’, म्हणजे आम्ही मागे फिरणार नाही. बाईचं वय ६७. संगीताची बाजू राय कूडर या गिटारवाल्याने सांभाळली. १९९७ साली क्युबा देशातले विसरले गेलेले म्हातारे गायक-वादक जगापुढे आले, त्यात याच माणसाचा मोठा हात होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, तरुण पोरांना आवडेल असं काही गा, नाचाचा ठेका घाला. या दोघांनी उलटं केलं. १९६० च्या दशकातल्या लढ्यात, तुरुंगात, मोर्चात जी गाणी लोक गायले तीच पुन्हा घेतली. साथीला फ्रीडम सिंगर्समधली जुनी माणसं बोलावली. हा संच १९६२ साली विद्यार्थ्यांच्या चळवळीतून निघाला होता. गावोगाव जाऊन गायचं, लढ्याची हकिकत सांगायची आणि लढ्यासाठी पैसा गोळा करायचा. आपल्या जलशाची ही सख्खी भावंडं. शिवाय दक्षिण आफ्रिकेतला लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो हा संचही आहे.

अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून घेतलं त्याची हकिकत सांगतो. मिसिसिपीत हर्बर्ट ली नावाचा काळा शेतकरी होता. आपल्या लोकांची नावं मतदार यादीत घालायच्या कामात तो मदत करायचा. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याला दिवसाढवळ्या गोळी घालून मारलं, आणि मारणारा कोण, तर राज्याच्या विधिमंडळाचा गोरा सभासद. त्याला शिक्षा झाली नाही. बर्था गोबर नावाच्या तरुण कार्यकर्त्या मुलीने त्यावर गाणं रचलं. मित्रांनो, मतदार यादीत नाव घालण्यासाठी माणसं मेली आहेत. आणि आपल्याकडे मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून गावाला जाणारे आहेत!

दुसरं एक गाणं मिसिसिपी नदीवर आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात चळवळीतले तीन तरुण बेपत्ता झाले, एक काळा आणि दोन गोरे. त्यांचा शोध घेताना पाण्यात दुसऱ्याच काळ्या माणसांची प्रेतं सापडली, ज्यांचा तोवर कोणी शोधही घेतला नव्हता. हे गाणं ऐकताना आम्ही मध्येच बंद केलं. खैरलांजी आठवली. २९ सप्टेंबर २००६. त्यापुढे आम्हाला बोलता येत नाही.

आणि तिसरं. यात गाता गाता मेविसबाई थांबते आणि साधं बोलायला लागते. लहानपणी ती मिसिसिपीला आजीकडे जायची. एकदा तहान लागली, पाण्याचा नळ दिसला, पोर पळाली. आजीने हात धरला. म्हणाली, त्या नळाचं पाणी तुला प्यायचं नाही. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर पाट्या लावलेल्या. मग बाई सांगते, त्या पाट्या उतरवल्या त्या डॉ. किंग यांनी.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. त्यानंतर कितीएक वर्षांनी, सात समुद्रापलीकडे, एका पोरीला तिची आजी नळापासून मागे ओढत होती. आमच्या आजीनेही आम्हाला असंच पाणवठ्याची गोष्ट सांगितली होती. फरक एवढाच की आमच्या आजीचं सांगणं तिच्याबरोबर गेलं आणि मेविसबाईचं सांगणं अल्बममध्ये राहिलं, ते आज जगात कोणीही ऐकू शकतो.

म्हणून आमचं मत असं आहे की म्हाताऱ्या गायकाचं असं परत येणं हा त्या एकट्याच्या नशिबाचा प्रश्न नाही. २००७ साली तरुण गळ्याच्या गायिका अमेरिकेत हजारो होत्या. पण त्या नळापासून मागे ओढलेली, किंग यांच्या सभेत गायलेली, चौकीत बेड्या पाहिलेली गायिका किती उरल्या होत्या? मेविसबाईचा आवाज आता जाड झालेला, कुठे कुठे चिरकलेला. तो तसाच ठेवला आहे. साक्षीदार म्हातारा झाला म्हणून साक्ष कमी होत नाही, उलट साक्षीदार कमी उरले की तिचं मोल वाढतं.

आता एक रास्त शंका. कालच एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारलं, काका, तिच्या गाण्यात देव आहे, येशू आहे. आपण २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं, विहारात हे कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर टाळायचं नाही. तिची श्रद्धा तिच्यापाशी. आपल्याला देव नको, आपला मार्ग १४ ऑक्टोबर १९५६ ला ठरला आहे. पण तिकडे काळ्या माणसाला आपलं म्हणून बसायला, सभा घ्यायला, मोर्चा ठरवायला चर्च हीच जागा होती. शिवाय ही बाई देव भलं करील म्हणून हात जोडून बसली नाही. स्वतःचे पैसे घातले, नकार सोसले, साठीनंतर पुन्हा उभी राहिली. भगवंतांनी सांगितलं, अत्त दीप भव. नाव कोणाचंही घेत असली तरी ती चालली स्वतःच्या पायाने. आम्ही तिचा देव घेऊन आलो नाही, तिची चाल घेऊन आलो आहोत.

पुढची हकिकत थोडक्यात. २०१० साली शिकागोच्याच जेफ ट्वीडी या तिच्याहून खूप लहान संगीतकाराबरोबर तिने नवा अल्बम केला. २०११ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्पर्धेतून मिळालेलं तिचं हे पहिलं ग्रॅमी, वयाच्या ७१ व्या वर्षी. बापाने शेवटच्या काळात काही गाणी मुद्रित केली होती, ती अपुरी राहिली होती. त्याने ती टेप लेकीच्या हाती देऊन सांगितलं होतं, ही हरवू नकोस. तिने वर्षानुवर्षे जपली आणि ट्वीडीकडून नीट करून २०१५ साली जगापुढे आणली. अल्बमला नावही तेच दिलं, हे हरवू नकोस. २०२५ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, तिचा आणखी एक अल्बम आला.

हरवू नकोस. या दोन शब्दांसाठीच आम्ही आज इथे उभे राहिलो.

आमच्या वस्तीत एक आजी होत्या. अक्षरओळख नव्हती, पण गळा असा की जयंतीला बाबासाहेबांचा पाळणा त्यांनी धरला की रडणारी पोरं गप्प व्हायची. जात्यावरच्या चालीत बांधलेली भीमगाणी त्यांना पाठ होती, त्यांच्या आईकडून आलेली. पुढे मोठे कर्णे आले, मग डीजे आला. आम्ही समितीत होतो, वर्गणी आम्हीच गोळा केली, डीजेची सुपारीही आम्हीच दिली. आजींना कोणी बोलावलं नाही. त्या ओट्यावर बसून मिरवणूक बघायच्या. त्या गेल्या तेव्हा शोकसभेत सगळ्यात लांब भाषण आम्ही केलं. सभा संपल्यावर त्यांच्या नातीने विचारलं, काका, आजीचं एखादं गाणं तुमच्याकडे भरलेलं आहे का? नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आणि आजींचा आवाज एकाच्याही मोबाईलमध्ये नव्हता.

हा दोष डीजेवाल्या पोरांचा नाही. पोरांनी जे पाहिलं ते केलं. दोष आमचा आहे, म्हणून तो सगळ्यांपुढे कबूल करतो.

आपल्याकडे आवाजाची वाण कधीच नव्हती. भीमराव कर्डकांचे जलसे झाले, वामनदादांनी गावोगाव पायपीट केली, शाहीर विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात मंचावर असतानाच कोसळले, शेवटच्या क्षणापर्यंत गात राहिले. ही मोठी माणसं लोकांच्या स्मरणात आहेत. पण त्यांच्या मागे वस्तीवस्तीत ढोलकी, पेटी, टाळ घेऊन बसणारे जे शेकडो गायक-गायिका होते, त्यांचं कोणी काही ठेवलं नाही. त्यांतले काही आज याच सभेत मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना आम्ही ओळखतो. ते म्हणतात, आता गळा राहिला नाही. मेविसबाईचा तरी कुठे राहिला होता?

तेव्हा आमची समितीला जाहीर विनंती आहे. येत्या वर्षावासात आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन करतोच. त्यानंतर दर रविवारी एक तास एका जुन्या गायकाला किंवा गायिकेला द्यावा. त्यांनी गावं, बसून गावं, धाप लागली तर थांबून गावं. मुलांनी मोबाईलवर ते भरून घ्यावं. एका मुलीने वहीत शब्द लिहावेत, गाणं कोणी रचलं, कोणाकडून शिकले, कुठे गायले, हे विचारून टिपावं. मध्येच त्यांना एखादी आठवण आली तर गाणं थांबवून ती सांगू द्यावी, ती गाण्याइतकीच मोलाची. भरलेल्या गाण्याच्या तीन ठिकाणी तीन प्रती ठेवाव्यात, म्हणजे एक मोबाईल बिघडला तरी बुडणार नाही. आणि गाणाऱ्याच्या हातात पाकीट द्यावं. हार-नारळावर भागवू नये. पहिल्या पाकिटाचे पैसे आम्ही आज इथेच जमा करतो.

मोठी कंपनी येईल, आपल्या म्हाताऱ्यांना शोधून त्यांचा अल्बम काढील, अशी वाट बघत बसू नका. मेविसबाईच्याही दारी कोणी आलं नव्हतं. आधी घरची बहीण उभी राहिली, पदरचा पैसा उभा राहिला, मग जग आलं.

त्या आजींच्या नातीला आमच्याकडे द्यायला काही नव्हतं. पुढच्या वर्धापन दिनाला दुसऱ्या कोणाच्या नातीने असं विचारलं, तर तिच्या हातावर काहीतरी ठेवता यावं, एवढीच आमची इच्छा आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!